आमचे व्याही आणि पूर्व विभाग

फायद्याची गोष्ट समोर आणून ठेवली, तिच्यावरचं झाकण काढून दाखवलं, तरी तिच्याकडे न बघता ‘तुम्ही पाणी घेतलं का?’ असं विचारणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. माझ्या मुलीचे सासरे. पारोळ्याकडच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. गाव त्यांना नाना म्हणतं, मीही नाना म्हणतो, आणि मनात जे म्हणतो ते मुलीच्या संसाराकडे बघून मनातच ठेवतो.

मी जळगावात ठिबकच्या नळ्या विकतो. सुरुवात सायकलच्या कॅरियरवर नळीचं वेटोळं बांधून केली, आज स्वतःचं दुकान आणि मागे गोदाम आहे. हे सगळं घासाघीस करून झालेलं आहे. उठून दाराशी गेलेलं गिऱ्हाईक परत खुर्चीत कसं बसवायचं, आणि आपण दाराशी गेल्यावर समोरच्याला हाक मारायला कसं लावायचं, या दोन गोष्टींवर माझं घर उभं आहे. राग मला लवकर येतो आणि बाजारात त्याचाही उपयोग होतो. पण नानांसमोर बसलं की माझी सगळी हत्यारं बोथट होतात. मुलगी दाखवायचा कार्यक्रम होता तेव्हाचीच गोष्ट घ्या. पोहे झाले, चहा झाला, आणि नानांनी माझ्या मुलीला एकच प्रश्न विचारला, ‘बेटा, दम किती वेळ टिकतो?’ माझ्या बायकोचा चेहरा उतरला. तिला वाटलं, पोरीला छातीचा त्रास असल्याचं कोणीतरी यांच्या कानावर घातलं. मुलगी मात्र शाळेत कबड्डी खेळलेली. तिने पदर खोचला, श्वास घेतला आणि ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू केलं ते थांबेचना. शेजारच्या बायका दारात आल्या. नवरामुलगा ताटलीतले शेंगदाणे मोजत बसला आणि नाना घड्याळाकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, ‘आमच्या पोराचा इतका नाही. घरात एक तरी माणूस दमाचं पाहिजे.’ झालं, सोयरीक जमली. आता देण्याघेण्याची बैठक होणार म्हणून मी पूर्ण तयारीने आलो होतो. कुठे अडायचं, कुठे रागवायचं, कुठे बायकोने डोळ्याला पदर लावायचा, सगळं ठरलं होतं. नाना म्हणाले, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ समोरून काही मागणीच नाही म्हटल्यावर मी नाही कशाला म्हणायचं? लग्न स्वस्तात झालं, पण मला आजही वाटतं की त्या दिवशी माझं काहीतरी नुकसान झालं.

त्यांच्या गळ्यात शिट्टी असते. कॉलेजात असायची, बाजारात असते, देवदर्शनाला जातानाही असते. लग्नात त्यांनी नवा कोट शिवला आणि कोटावर शिट्टी घातली. पंगत बसली होती, वाढप्या जिलबीचं ताट घेऊन घाईत निघाला आणि माझ्या चुलत्याला वगळून पुढे गेला. तोच कडक शिट्टी वाजली. सगळा मांडव गप्प झाला, बँडवालेसुद्धा थांबले. नानांनी एक हात आडवा केला, दुसऱ्या हाताच्या बोटाने चुलत्याचं पान दाखवलं, आणि वाढप्या निमूटपणे मागे फिरला. चुलते आमचे जन्माचे खोडकर. पुढच्या प्रत्येक पदार्थाला ते पान झाकून ‘मला नाही मिळालं’ म्हणायला लागले आणि नाना इमानाने शिट्टी वाजवत राहिले.

माणसाची पारख ते घोट्यावरून करतात. चेहरा बघत नाहीत, चपलेच्या वर बघतात. आमच्या जिल्ह्यात एक मोठे पुढारी कॉलेजात पाहुणे म्हणून आले होते. ते व्यासपीठावर चढताना नाना माझ्या कानाशी म्हणाले, ‘डावा घोटा कच्चा आहे, हा टिकायचा नाही.’ पुढच्या निवडणुकीत ते पडले. नानांना त्यात आश्चर्य वाटलं नाही आणि आनंदही झाला नाही. त्यांनी नुसतं ‘मालिश करायला हवी होती’ म्हटलं.

आणि बाजारात त्यांच्याबरोबर जाऊ नये. थंडीच्या दिवसांत एकदा भरिताची ढीगभर वांगी घ्यायला गेलो. मी दोनदा पाठ फिरवली, दोनदा परत आलो, बाईशी चांगला तासभर वाद घालून भाव खाली आणला. मी पिशव्या भरत होतो तेवढ्यात नानांनी तिला तिने आधी सांगितलेला भाव देऊन टाकला. वर मला म्हणाले, ‘भाऊ, ती पहाटेपासून गारठ्यात बसली आहे, आणि तुमची करमणूकही झाली.’

भरिताची इतकी वांगी का लागायची, त्याला कारण होते धरणगावकडच्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचं आणि नानांचं, दोन्ही कॉलेजं विद्यापीठाच्या पूर्व विभागात होती. विभागातल्या संघांनी आधी आपसांत खेळायचं आणि जिंकेल त्याने पुढे जायचं, असा नियम. जळगाव शहरातली मोठी कॉलेजंही याच विभागात, त्यामुळे पुढे जायचा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही. नानांना त्याची खंतही नव्हती. त्यांना फक्त आबांना हरवायचं होतं. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागले, पहिल्याच हिवाळ्यात कबड्डीत समोरासमोर आले, आणि ज्याचा संघ हरेल त्याने दुसऱ्या संघाला शेतात भरीत खाऊ घालायचं, असा रिवाज त्यांनी आपसांत पाडला. वांगी कपाशीच्या काड्यांवर हरलेल्या सरांनी स्वतः भाजायची. तेव्हापासून दर हिवाळ्यात नानाच वांगी भाजत आले. त्यांच्या हातचं भरीत खाण्यासाठी हरलेल्या आमच्या बाजूचे पाहुणेही यायचे. आणि हरणार नाहीत तर काय? मध्यंतर झालं की आपल्या पोरांना सोडून हे समोरच्या बाजूला जायचे आणि आबांच्या चढाईपटूला झापायचे, ‘पाय असा टाकशील तर गुडघा जाईल, टाच आधी टेकव.’ पोरगा गुणी. टाच आधी टेकवायचा आणि आमचे तीन गडी बाद करून जायचा. नाना टाळी वाजवायचे.

मी नानांच्या कॉलेजच्या संस्थेवर संचालक आहे. माझं मूळ गाव तिकडचंच. विद्यापीठाने विभागांची फेरमांडणी काढली आणि हद्दीवरच्या कॉलेजांना सांगितलं की कुठे राहायचं ते तुम्हीच ठरवा, तेव्हा सगळ्या जिल्ह्यात कुजबुज सुरू झाली. कोण पूर्वेत राहणार, कोण पश्चिमेत जाणार, अमुक गेलं तर तमुकही जाणार का. लग्नसराईत स्थळांची बोलणी चालतात तशी बोलणी चालली होती. पश्चिम विभाग म्हणजे धुळ्याकडचा. आमच्या कॉलेजला धुळं जळगावपेक्षा जवळ, तिकडचे संघ आमच्या तोलाचे, आणि त्यांना आमच्यासारखं मोठं मैदान असलेलं कॉलेज हवंच होतं. हे मी धुळेकरांच्या चहाच्या पहिल्या घोटाला ओळखलं. मग काय, मी धुळ्याला चार खेपा केल्या. एकदा तर गाडीत बसून गाडी चालूही केली होती, तेव्हा त्यांचे सचिव काचेवर टकटक करत आले. शेवटी ठरलं ते असं, कबड्डीच्या स्पर्धा पहिली काही वर्षं आमच्याच मैदानावर, निवड समितीवर आमचा एक माणूस, आणि तो माणूस नाना, निवृत्तीनंतरही. आयुष्यात इतका देखणा सौदा मी नळ्यांचाही केला नव्हता.

संस्थेच्या बैठकीत मी तो मांडला. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. मग सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना खिडकीतून मैदानाकडे बघत होते. ते सभेत नेहमी शुद्ध बोलतात, त्या दिवशी मात्र घरची अहिराणी बोलले.

‘बठ्ठं खरं शे, भाऊ. पन तठे आपले हरावनारा कोन शे?’

सगळं खरं, पण तिथे आपल्याला हरवणारा कोण आहे. माझ्या सौद्यावर या माणसाने दिलेला एकुलता एक अभिप्राय तो. लोक हसले, मीही हसलो, आतून पेटलो होतो. नंतर त्यांनी एक शब्द काढला नाही आणि ठराव झाला.

आता जुन्या विभागाची संमती राहिली होती. त्यासाठी जळगावला विभागातल्या सगळ्या क्रीडाशिक्षकांची बैठक होती. नानांना मी माझ्या गाडीतून नेलं. आमच्या कॉलेजला जाऊ द्यायला ज्यांची हरकत नसेल त्यांनी हात वर करा, असं विचारल्यावर सगळ्यांत आधी जो हात वर गेला तो आबांचा होता. विचारणाऱ्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. बाकीचे हात त्यांच्या मागोमाग गेले. आबा खाली बघत होते आणि नाना आबांकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर नाना शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मी रस्त्याच्या कामाला शिव्या दिल्या, तरी दोरी गुंडाळतच होते. पाळधी गाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, ‘आबाने एकदा तरी नाही म्हणायला पाहिजे होतं.’

माझा पारा चढला. व्याहीबिही विसरून मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, जायचं नव्हतं तर बैठकीत तोंड का उघडलं नाही? टेबलावर हात आपटला असतात तर मी लढलो असतो ना तुमच्या बाजूने. नाना शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही धुळ्याला शब्द देऊन आला होता. मुलीच्या बापाचा शब्द मी चारचौघांत कसा खाली पाडू?’

मी गाडी धरणगावच्या रस्त्याला वळवली. आबा आमच्या आधी मोटरसायकलने घरी पोचले होते. ओट्यावर बसले होते, पायातले बूटही काढले नव्हते. मी सरळ विचारलं की इतक्या घाईने हात वर करायचं कारण काय. आबा माझ्याशी नाही, नानांशी बोलले.

‘माले वाटनं तुले जानं शे. मंग मी कशाले आडवू?’

नाना म्हणाले, ‘माले कुठे जानं व्हतं?’

आबांच्या घरातून चहा आला, तो निवला. मी आयुष्यभर सौदे बघितले. एकाचं जातं, दुसऱ्याला मिळतं, हा त्यातला हिशोब. पण दोन माणसांनी एकमेकांना सगळं देऊन टाकलं आणि दोघांपैकी कोणाच्याच हाती काही लागलं नाही, असा व्यवहार त्या ओट्यावर पहिल्यांदा पाहिला. मी तोड काढायला गेलो. म्हटलं, दरवर्षी एक मैत्रीचा सामना ठेवू, मैदान माझ्या खर्चाने तयार करतो. दोघांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला माझ्याच दुकानात फसल्यासारखं झालं. आबा म्हणाले, ‘ज्यात हारलं तरी चालस, त्याले सामना म्हनतस का, भाऊ?’

जुन्या विभागातला शेवटचा हिवाळा तेवढा उरला होता. नानांचा नोकरीतलाही शेवटचा. त्या वर्षी त्यांनी पोरांकडून जी मेहनत करून घेतली ती मी पाहिली आहे. सामन्याच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो, तेही भर हंगामात. मध्यंतराला नाना पहिल्यांदाच समोरच्या बाजूला गेले नाहीत. जागेवर बसले, हात गुडघ्यात घट्ट धरून, जणू कोणी त्यांना बांधून ठेवलं आहे. आबांचा एक पोरगा लंगडत होता. नानांनी बघितलं, मान फिरवली, परत बघितलं. शेवटी उठले आणि गेले. त्याची पट्टी सोडून नीट बांधून दिली. शेवटची चढाई त्याच पोराने केली आणि आम्ही एका गुणाने हरलो. आबांनी त्या दिवशी दरवर्षीसारख्या उड्या मारल्या नाहीत. आणि शेतात नाना धुराने लाल झालेले डोळे घेऊन वांगी भाजत असताना, आबा काही न बोलता त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि साली काढायला लागले. जिंकलेल्याने वांग्याला हात लावायचा नाही असा त्यांचा नियम होता. नानांनी त्यांना हटकलं नाही.

पश्चिम विभागात आम्ही पहिल्याच वर्षी कबड्डी जिंकली. सौदा चांगला होता, हे मी आजही कोणासमोरही सांगेन, आणि त्याबद्दल नानांनी अजून एक बरा शब्द काढलेला नाही ही माझी तक्रार मी सोडलेली नाही. ढाल घेऊन पोरं वाजतगाजत निवृत्त सरांच्या घरी गेली. मीही होतो. मुलीने सगळ्यांना पेढे दिले. पोरं पांगल्यावर नानांनी ढाल टेबलावर ठेवली, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि आबांना फोन लावला. मला वाटलं, आता तरी थोडी बढाई ऐकायला मिळेल.

‘जिंकनूत, आबा,’ ते म्हणाले. मग पलीकडचं काहीतरी ऐकलं, आणि अगदी हळू म्हणाले, ‘हां. पन समोर तू नव्हता रे.’

फोन कानाशी तसाच होता. पलीकडचा श्वास ऐकू येत असावा, कारण नाना मधूनच मान हलवत होते. मुलगी दाराशी आली, मी तिला खुणेने थांबवलं आणि तिच्याबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिने चहा टाकला, चहा उकळला, आम्हा दोघांचा तो पिऊनही झाला. बाहेरच्या खोलीत अजून कोणी फोन ठेवला नव्हता.