कंडक्टर काकांची सात टेबलं

काका कुणालाही मनासारखं बसू देत नसत. दारात पाऊल पडलं की गल्ल्यावरून आवाज यायचा, "तुम्ही खिडकीपाशी. तुम्ही त्या आजोबांसमोर. आणि तुम्ही, हो तुम्हीच, पंख्याखाली. ओढणी सांभाळा." कसबा पेठेतलं ते हॉटेल सात टेबलांचं. टेबलाला चार खुर्च्या, म्हणून टेबलावर चार माणसं. ती एकमेकांच्या ओळखीची असावीत, असं काकांना कधीच वाटलं नाही. उलट ओळखीची असली तर ते आधी त्यांना वेगळं करत. "पुढे सरका, जागा आहे" हे ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की आम्ही कॉलेजातल्या मुलींनी त्यांचं नाव कंडक्टर काका ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलंच. "कंडक्टर सुटे नसले तर खाली उतरवतो," ते म्हणाले. "मी कारण न देताही उतरवीन."

आम्ही चौघी पहिल्यांदा गेलो, तेव्हा एक अख्खं टेबल रिकामं होतं. आम्ही तिकडे वळलो, तर काकांनी आम्हाला चार टेबलांवर वाटून टाकलं. माझी यवतमाळची मैत्रीण कळवळून म्हणाली, "अहो काका, आम्ही सोबत आलो ना!"

"सोबत जा की. वडा खायला सोबत कशाला लागते?"

"पण आम्हाला बोलायचंय."

"मग पर्वतीवर जा. हवा चांगली असते."

आम्ही तणतणत बाहेर पडलो आणि तिसऱ्या दिवशी परत गेलो. तो वडा आणि त्यावरचं ते लालभडक, तिखट रश्शाचं सँपल पुन्हा मिळवायचं तर दुसरा इलाज नव्हता. हाच वैताग आहे अशा माणसांचा. त्यांच्यावर बहिष्कार टाकावा, तर आपलीच जीभ फितूर होते.

माझं अक्षरज्ञान पत्रकांवर झालं. वडील कामगार संघटनेत होते. घरातल्या फडताळांत कागद अंथरलेले असत तेही उरलेल्या पत्रकांचे, आणि डबा काढताना मी 'धिक्कार', 'निर्धार', 'जाहीर निषेध' असे शब्द वाचायला शिकले. त्यामुळे वसतिगृहात आठ-आठ दिवस पाणी येईना, तेव्हा पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. बैठक अर्थातच काकांच्या हॉटेलात. चौघी चार टेबलांवर, आणि ठराव ओरडून एकमेकींना सांगतोय. मी गल्ल्यापाशी जाऊन काकांना म्हणाले, "काका, प्रश्न गंभीर आहे. आजच्या दिवस तरी आम्हाला एकत्र बसू द्या."

"प्रश्न गंभीर आहे ना? मग हॉल घ्या. जा, चहा निवतोय."

माझ्यासमोर त्यांनी नेहमी बसवलेले असत ते तारखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांनी न विचारता माझा कच्चा कागद उचलला आणि खिशातलं पेन काढून शब्द खोडायला सुरुवात केली. "'निद्रिस्त आणि निर्ढावलेल्या प्रशासनाच्या निषेधार्थ,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "पाणी कुठाय यात? चौथ्या ओळीत? चौथ्या ओळीपर्यंत माणूस तहानेनं मरेल." शेजारचा ब्रास बँडवाला खो खो हसला. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "किती दिवस नाही पाणी?" मी सांगितलं. "मग तेवढंच लिहा की." मी इतकी चिडले, की उरलेलं सँपल एका घोटात संपवून उठले. पत्रक मात्र तेवढंच छापलं. पाच ओळींचं. चौथ्या दिवशी टँकर आला.

आता कुणी म्हणेल, पाहा, काकांनी अनोळखी माणसांना जवळ आणलं. असलं काही त्यांच्या मनात नव्हतं. मी एकदा खोदून विचारलं होतं. ते म्हणाले, "ओळखीची माणसं गप्पा मारतात. अनोळखी माणसं खातात आणि उठतात. खुर्च्या अडत नाहीत." झालं तत्त्वज्ञान.

पण दिवस बदलले. लोक फोनवर बघून हॉटेलं निवडायला लागले. तिथे काकांच्या हॉटेलाच्या नावाखाली 'मालक उद्धट', 'फॅमिलीला वेगवेगळं बसवलं', 'चव छान पण अपमान फ्री' अशी वाक्यं साठत गेली. पलीकडच्या गल्लीत पिवळ्या दिव्यांचं कॅफे निघालं. रविवारीसुद्धा काकांची तीन टेबलं रिकामी राहू लागली. मला नोकरी लागली होती, तरी मी जात होते, आणि दर वेळी हुज्जत घालत होते. आयुष्यात कधी तडजोडीची बाजू घेतली नाही ती मी त्यांना विनवायची, "काका, निदान रविवारी कुटुंबांना एकत्र बसू द्या. हॉटेल बंद पडेल हो!"

"रविवारी माणसं वेगळी असतात का?"

"तुम्ही हट्टी आहात."

"तू पत्रकं वाटतेस त्याला काय म्हणतात?"

मग मी तेच केलं. 'आपलं हॉटेल वाचवू या. येत्या रविवारी सकाळी या, एक वडा खा.' दोन ओळी, चारशे प्रती. शनिवार पेठेपासून कॅम्पापर्यंत वाटल्या. काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

रविवारी नऊला रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. सगळे घोळक्यांनी आलेले. काका नेहमीसारखे हात करत होते, "तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे," आणि लोक हसून फोटो काढत होते. त्यांना वाटत होतं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मग पाच जणांचं एक कुटुंब अडून बसलं. पत्रक वाचून मुद्दाम वाकडहून आलोय, एकत्रच बसणार. आवाज चढले. एकाने मोबाइल वर धरून चित्रण सुरू केलं. माझं डोकं फिरलं. मी दोन टेबलं ओढून एकमेकांना जोडली आणि म्हणाले, "बसा हो तुम्ही. मी बघते काकांचं."

काका गल्ल्यावरून उठून आले. त्यांना चालताना मी क्वचितच पाहिलं होतं.

"कुणी लावली ही टेबलं?"

"मी."

ते आत गेले, दोन्ही शेगड्या बंद केल्या आणि बाहेर येऊन म्हणाले, "आजचं झालं. उठा सगळे." लोकांच्या हातात घास होते. खुर्च्या करकरल्या. तारखात्यातले आजोबा अर्धा वडा बशीत ठेवून माझ्याजवळून जाताना म्हणाले, "वाचवलंत वाटतं हॉटेल."

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी हॉटेल कायमचं बंद झालं. बातमी पसरली आणि दहा-दहा वर्षांत न फिरकलेले लोक शटरसमोर उभे राहून उसासे टाकू लागले. काय ती चव, काय तो माणूस, असलं पुणं आता राहिलं नाही! मला एकेकाला धरून विचारावंसं वाटत होतं, की तुम्ही इतकी वर्षं कुठल्या कॅफेत बसला होतात? पण त्यांच्या आधी मला स्वतःलाच काही विचारायचं होतं. मी अर्ध्या शटरखालून वाकून आत गेले. काका टेबलं पुसत होते.

"काका, चुकलं माझं. माझ्यामुळे बंद पडलं."

"तुझ्यामुळे हॉटेल बंद पडायला एवढी मोठी झालेली नाहीस तू. गुडघे गेलेत माझे. दिवाळीलाच ठरवलं होतं, पाडव्यापर्यंत चालवायचं आणि थांबायचं."

"मग मला सांगायचं नाही का? मी चारशे पत्रकं वाटली!"

त्यांनी फडकं पिळलं. "चाळीस वर्षांत माझ्या हॉटेलातनं कुणी भरल्या बशीवरनं उठलं नव्हतं. पाडव्यापर्यंत तेवढं एक नीट पार पडायचं राहिलं होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगायचं कधी? तू विचारलंस कुठे? तू तर छापूनच आणलंस."

वसतिगृहाचं पत्रक लिहिताना मी मजल्यामजल्यावर जाऊन प्रत्येकीला विचारलं होतं. ज्यांच्या हॉटेलासाठी रस्त्यावर उतरले, त्यांना मात्र विचारलं नव्हतं. तेव्हापासून कुणाच्याही बाजूने काही लिहायचं असलं, तर आधी त्या माणसाच्या दारात जाते. निम्म्या वेळा तो म्हणतो, नको. मग घरी येऊन मी चरफडत बसते.

काका आता लेकीकडे, लोणी काळभोरला असतात. हे लिहायला घेण्याआधी त्यांना फोन केला. "तुमच्यावर लिहू का?"

"दोन दिवसांनी सांगतो."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "लिही. पण हळहळू नकोस."

"हळहळत नाहीये. मी अजून चिडलेली आहे तुमच्यावर."

"मग ठीक आहे," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.