नागसेन मामांचा बंद महिना

नोकरी असतानाच बेकारीची तालीम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गल्लीतले नागसेन मामा.

बदनापूरहून रोज रेल्वेनं जालन्याला जायचे. तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये लाल तापलेली सळई चिमट्यात धरायची अन् पुढच्या रोलात घालायची, हे त्यांचं काम. इतकी वर्षं भट्टीपुढं उभं राहून हातावर एक केस उरला नव्हता. मी माझ्या रिचार्जच्या दुकानातून छेडायचो, "मामा, हाताचा रंग तरी उतरू द्या, भाजलेल्या वांग्यावाणी दिसून राह्यलाय."

"वांगं तरी विकतं बाबा," मामा म्हणायचे. "आमचा माल पडून हाय गोदामात."

ते गंमत करत नव्हते. मिलची दुसरी पाळी बंद झाली तेव्हा बाकीच्या कामगारांनी चहाच्या टपरीवर मालकाला शिव्या घातल्या. मामा मात्र घरी आले अन् मामींना म्हणाले, "हा महिना बंद."

म्हणजे मिल पूर्ण बंद पडली असं धरायचं, अर्ध्या पगारात घर चालवायचं. दूध अर्ध्यावर आलं. आंघोळीचं पाणी गॅसवरून काटक्यांवर गेलं. माझ्याकडचं रिचार्ज सगळ्यात स्वस्तातल्या पॅकवर आलं. मामांचे साडू मुक्कामी आले तर त्यांनाही कोरा चहा. साडू दुसऱ्या दिवशीच पहिल्या गाडीनं निघून गेले.

"तिकडं मिल चालू हाय," दीपमाला मामी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अन् टाळं आमच्या चुलीला!"

वर्षातून दोन-तीनदा असा महिना यायचा. मामा दुकानावरून चालले की मी ओरडायचो, "मामा, आज चालू का बंद?"

"बंद. चहा पाज."

हे सगळं अक्षतासाठी होतं. अक्षता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. संभाजीनगरला नर्सिंग शिकत होती, शेवटच्या वर्षाची फी तेवढी भरायची होती. मामांचं एकच म्हणणं, "मिल बंद पडू दे, पोरगी बंद पडली न्हाई पाहिजे."

तालमीतून वाचलेला पैसा जायचा भिशीत. मिलमधले बारा जण दर पगाराला तीन-तीन हजार काढायचे अन् ती रक्कम पाळीपाळीनं एकेकाला मिळायची. चिठ्ठीत मामांचा नंबर तिसराच निघाला होता. तो त्यांनी देवानंदला दिला. देवानंद त्यांच्याच रोलावर समोर उभा राहायचा. त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. मामांनी स्वतःसाठी मुद्दाम शेवटचा नंबर मागून घेतला. फीची तारीख तेव्हाच येत होती, अन् मधे घरात कोणी हात लावण्याची भीती नाही.

मामी म्हणाल्या होत्या, "पोस्टात टाका ना मंग."

"पोस्टातला साहेब माझ्या वळखीचा हाय का? देवानंद सळई सोडतो अन् मी धरतो. एक डाव चुकला तर पाय जातो माझा. इतक्या वर्षात चुकला न्हाई. त्याच्यावर भरोसा ठेवू का पोस्टावर?"

 

मग एका सोमवारी मिलच्या गेटवर कागद लागला, पुढील सूचनेपर्यंत काम बंद. बाकीचे कामगार गेटपुढं बसून राहिले. मामा दुपारच्या गाडीनं परत आले, दुकानावर थांबले.

"लागला का मामा प्रयोग?" मी विचारलं. काय बोलावं ते सुचलं नव्हतं, म्हणून.

"लागला. तालीम पक्की हाय आपली." ते चक्क हसले. संध्याकाळी अक्षताला फोन केला, "तू अभ्यास कर. तुझे पैसे बाजूला हायत."

भिशीचे शेवटचे दोन हप्ते राहिले होते. त्यातला पहिला सगळ्यांनी शेवटच्या पगारातून कसाबसा भरला, तो सर्जेराव नावाच्या कामगारानं घरावरच्या पत्र्यांसाठी उचलला. पुढचा नंबर मामांचा. भिशीच्या दिवशी मला जालन्याहून माल आणायचा होता, मामा माझ्या गाडीवर मागं बसले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. खिशाला वरून सेफ्टी पिन.

भिशी जमायची मिलच्या गेटसमोरच्या टपरीवर, पण टपरीवाल्यानं केव्हाच गाशा गुंडाळला होता. बंद गेटसमोर मामा दगडावर बसले. मी माल घेऊन आलो तरी एकटेच. तेव्हा कुठं आम्हा दोघांच्याही डोक्यात उजेड पडला. बाराही जणांचा पगार त्याच गेटातून यायचा. मामांनी मिल बंद पडायच्या दिवसासाठी ठेवलेला पैसा, मिल बंद पडली की बंद पडणाऱ्या माणसांच्या खिशात ठेवला होता.

"देवानंदकडं जाऊ," मामा म्हणाले.

देवानंद घरीच होता. आम्हाला पाहून उठला अन् उभाच राहिला. त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली.

"जय भीम मामा. म्या येणारच होतो."

"बस बस. तब्येत कशी हाय हिची?"

"औषध संपलं. तुम्ही घर बघून घ्या मामा. पंखा हाय, कूलर हाय. जे उचलता येतं ते उचला. माझी हरकत न्हाई बिलकुल."

"मी काय भंगारवाला हाय का?" मामा म्हणाले.

बायकोनं आतून चहा आणला. कोरा. मामांनी कपात पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. या घरानं एकाही दिवसाची तालीम केली नव्हती. मामांनी चहा संपवला, "येतो," म्हणाले. पैशाचा शब्द काढला नाही. इतर कुणाकडं गेलेही नाहीत. फीची तारीख निघून गेली.

अक्षता पेटी घेऊन परत आली. तिला आणायला स्टेशनवर मामा गेले, मामी गेल्या नाहीत. आता ती जालन्यात एका खासगी दवाखान्यात पडेल ते काम करते, पेशंटच्या चादरी बदलते. पेशंट तिला सिस्टर म्हणतात. मामी सांगत होत्या, पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला सांगत होती, "मी सिस्टर न्हाई." आता सांगत नाही.

मामा पहाटेच्या गाडीनं जालन्याला जातात, मजुरीला. धान्याच्या मोंढ्याजवळच्या नाक्यावर मजूर उभे राहतात, मिलची सगळी पोरं तिथंच असतात. मामा मात्र पुढं, पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात. तिथं ओळखीचा मुकादम नाही, हजेरी अर्ध्या वेळा बुडते.

एकदा त्यांच्या ओट्यावर बसून मी विचारलं, "आपल्या माणसांत का उभं राहत न्हाई?"

"गेल्तो दोन दिवस. मला पाहिलं की देवानंद गल्लीत शिरतो. बाकीचेही. तेवढ्यात मुकादम येऊन माणसं घेऊन जातो. त्यांची हजेरी बुडली तर मला देतील कुठून?"

"देणार हायत का ते?" आतून मामींचा आवाज आला.



परवा माल आणायला भल्या सकाळी जालन्याला गेलो. मोंढ्याच्या नाक्यावर देवानंद उभा होता, हातात फावडं. समोरच्या फुटपाथवरून मामा चालले होते. उन्हाचा अजून पत्ता नव्हता, तरी त्यांनी रुमाल डोक्यावरून ओढून तोंडावर पक्का बांधला होता. देवानंदनं आपल्याला ओळखून पळू नये म्हणून. नाका मागं पडल्यावर त्यांनी तो सोडला.

मी हाक मारली नाही. चालू का बंद, हे मी आता विचारत नाही.