देवीविना चौक

डहाणूच्या एका चिकूवाडीतल्या बंगल्यात लग्न होते. शोभेसाठी भिंतीवर लग्नाचा वारली चौक, म्हणजे देवीचे चौकोनी चित्र हवे, म्हणून यजमानीणबाईंनी गंजाड गावच्या एका वारली बाईंना बोलावले होते. मी पाहुणी होते. ओल्या गेरूच्या गंधात त्या बाई तांदळाच्या ओल्या पिठात काडी बुडवून नक्षी रेखत होत्या. मधली जागा देवीसाठी राखलेली होती.

दुपारी त्यांनी पाणी मागितले. आम्हा पाहुण्यांच्या हातात काचेचे पेले होते. त्यांना मात्र यजमानीणबाईंनी ओंजळ धरायला लावली आणि तांब्यातून उंचावरून धार सोडली.

"वेगळी भांडी ठेवत नाही ना आम्ही, म्हणून असं," यजमानीणबाई हसून म्हणाल्या.

माझ्या तोंडातले सरबत आंबल्यासारखे झाले. बाईंनी ओंजळ सोडून दिली, पदराला हात पुसले आणि काडी वाटीत ठेवली.

"अगं, देवी राहिली की!"

"राहू द्या, शेटाणी. ती आमचीच देवी. तिलाबी ओंजळ धरायला लावाल."

त्या निघून गेल्या. त्या उभ्या होत्या ती फरशी लगेच फिनेलने पुसली गेली. त्या उग्र वासात, रिकाम्या चौकापुढे, पाहुणे मोबाइलवर फोटो काढत राहिले.