जानूचा जबाब मी लिहिला

"आयकं का? तो बहिरा गया ना, तुना सुरंगीवाला दोस्त," पानाच्या टपरीवर सुपारी चघळत सुभाष म्हणाला. सुभाष टोकरखाड्यात माझ्या शेजारीच राहतो. आम्ही दोघं चाळीसगावकडचे, एकाच वर्षी सिल्वासात कामाला आलो. बहिरा म्हणजे सुरंगी गावचा जानू वरठा. काविळीने गेला. मी "कधी?" एवढंच विचारलं... त्याला बहिरं कुणी केलं, हे विचारायला हवं होतं. कारण जानूचा डावा कान फोडणाऱ्या चौघांत सुभाष स्वतः होता. विचारलं नाही. पान तोंडात टाकलं आणि घरी आलो. बारा वर्षं मी हेच करत आलोय. या गोष्टीला आज तीन आठवडे झाले, आणि आता मात्र गप्प बसवत नाही.

शहाऐंशीचा सुमार असेल. धाग्याच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो; हजेरी, पाळ्या, रजेचे अर्ज असलं काम. स्थानिक वारली माणसांकडे तेव्हा झाडलोट आणि हमाली, मशीनवर आम्ही बाहेरून आलेले. मशीनवर उभा राहिलेला पहिला वारली म्हणजे जानू. झाडलोट करायचा तेव्हापासूनच तुटलेला धागा तो बघताबघता जोडायचा. मी एकदा म्हणालो, "जानू, तुझ्या बोटांना डोळे आहेत की काय?" तर म्हणाला, "डोळे तुमाला, साहेब. म्हून तर चष्मा लावावा लागतो!" कार्ड पंच करायला आला की असं काहीतरी बोलून जायचा. मला दोस्त म्हणण्याइतकं मी त्याच्यासाठी काही केलेलं नाही. तो मात्र मानायचा.

मशीनवाल्यांसाठी पाण्याचा वेगळा माठ होता, त्यावर एक ग्लास. जानू मशीनवर लागला आणि तिसऱ्या दुपारी त्या ग्लासने पाणी प्यायला. चौघांनी त्याला पॅकिंगच्या खोलीत ओढलं. लोखंडी बॉबिनने मारलं. मी दारापर्यंत गेलो होतो, म्हणून ऐकलं : "वारली साला, जंगली! आमच्या ग्लासला तोंड लावतो? जा, डबक्यातलं पी!" प्रत्येक फटक्याला जात काढत होते. जानू दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला होता. मी तसाच मागे फिरलो.

संध्याकाळी हवालदार आला. गुजराती माणूस, जानूची बोली त्याला कळेना. मला म्हणाला, "तमे लखो ने, भाई. ए शुं कहे छे?" जानूच्या कानातून अजून रक्त येत होतं. तो माझ्याकडे बघून सावकाश बोलला, "पाणी प्यालो म्हून मारला माना. वारली जंगली बोलत होते नं मारत होते. मी हात नीही उचलला." दारात सुभाष उभा. सिल्वासाजवळच्या सामरवरणीत तेव्हा आम्ही एकाच खोलीत राहत होतो, एकाच स्टोव्हवर रांधत होतो. हळूच म्हणाला, "तू आपला मानूस शेस ना?" मी हवालदाराला गुजरातीत सांगितलं की पाण्यावरून बोलाचाली झाली, दोन्हीकडून हात उचलले गेले, किरकोळ भांडण आहे. तसंच लिहिलं. जानूचा अंगठा धरून शाईवर टेकवला तोही मीच. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, बिचाऱ्याला काय कळतंय.

आठवड्याभरात मारामारी केली म्हणून जानूला काढून टाकलं. चौघांना समज देऊन ठेवून घेतलं, कारण मशीन कोण चालवणार? आणि कागद काय सांगत होता? भांडण. अरे, भांडायला दोन माणसं लागतात! चौघं मिळून एकाला मारतात, तो अमुक जातीत जन्मला म्हणून मारतात, मारताना ओरडून तसं सांगतातही, आणि आपण काय म्हणतो? बाचाबाची. गैरसमज. तरण्या पोरांचं रक्त गरम असतं. चोराला चोर म्हणताना आपली जीभ अडखळत नाही, इथेच कशी हो ती एवढी सभ्य होते? मारणाऱ्यांना निदान राग तरी आला होता. मी शांतपणे, चांगल्या अक्षरात, लिहिलं.

सात-आठ वर्षांनी मामलतदार कचेरीत कामाला गेलो, तर बाहेर झाडाखाली जानू बसलेला. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. एका म्हातारीचा अर्ज लिहीत होता... गुजरातीत. लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिला तिच्या बोलीत सांगायचा आणि उजवा कान पुढे करून विचारायचा, "हेच बोललीस ना, आये? दुसरा नीही ना लिवला मी?" ती हो म्हणाली की पुढचं वाक्य. मी तिथेच उभा राहिलो.

"तुला गुजराती येते?"

"शाळेत गेलतो ना, साहेब. सात बुकं."

"मग त्या दिवशी अंगठा..."

"तुमी हात धरला माझा. येतो का सही, कोणी इचारला?"

"बोलला का नाहीस?"

"बोललो होतो." तो हसला नाही, रागावलाही नाही. "लिवणारे तुमी होते." आणि पुढच्या माणसाला त्याने हाक मारली.

त्यानंतरही मी त्याच्या घरी गेलो नाही. परवा गेलो, तो नसताना. सुरंगीच्या त्या घरात त्याची पाटी खुंटीला टांगलेली होती, खाली अर्जांच्या कच्च्या मसुद्यांच्या वह्या. मुलगी, शेवंती, बालवाडीत शिकवते. तिने चहा दिला आणि सरळ विचारलं, "काका, आमचा बा मारामारी करून कामावरून गेला म्हणतात. आई पण तेच मानत मेली. बानं हात उचलला होता?"

"नाही," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. माठ, ग्लास, बॉबिन, शिव्या जशाच्या तशा. ती रडली नाही. वही काढली, मागचं कोरं पान उघडलं.

"नावं सांगा."

चारही सांगितली. सुभाषचं पहिलं. ती एकाखाली एक लिहीत गेली, प्रत्येक नाव मला वाचून दाखवत. चौथं झालं. मला वाटलं आता वही मिटेल. तिने पुढच्या ओळीवर पेन टेकवलं आणि वर न बघता विचारलं,

"आणि तुमचं पूर्ण नाव, काका?"