कमरेची कोयती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या कमरेला कोयती बांधणं. भेकरं नाचणी खात होती, म्हणून मी ठासणीची बंदूक घेऊन निघालो होतो. बायको मागून दोरी आवळत होती.

"हातात बंदूक आहे ना? मग हे लोढणं कशाला?"

"तुमच्या बंदुकीत एकच बार. तो चुकला आणि डुक्कर अंगावर आलं, तर त्याला काय शिव्या देणार?"

"देईन की. तुझ्याकडून शिकलोय."

ती हसली आणि गाठ आणखी आवळली. त्याच दुपारी तांदूळ निवडता निवडता ती गेली.

इतक्या वर्षांत ती कोयती मी जनावरावर एकदाही उगारली नाही. चालताना ती मांडीवर हलके हलके आपटायची, धुक्यात कोणी सोबत असल्यासारखी. बंदूक माझी होती, कोयती तिची. मी रानात असताना घरी तिचा जीव जाग्यावर राहावा, म्हणून मी ती वाहायचो. वाट बघणारं कोणी नसलं, तर हत्यार एक काय नि दोन काय.

दुसऱ्या सकाळी मी रिकाम्या हातानं शेतावर गेलो. धुक्यात एक भेकर उभं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कणसाला तोंड लावलं. मी बांधावर बसून राहिलो. ते गेल्यावर घरी आलो नि चूल पेटवली.

"भाऊजी, सुतकात चूल?" धाकट्या भावाची बायको ओरडली. "जेवण आम्ही आणतोय ना!"

"जेवायला नाही गं. घर गार पडलंय," मी म्हटलं आणि आणखी एक लाकूड आत सारलं.