चार बोटं कमी

विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये त्याला सगळे भिंग म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राही. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग, एका खिशात लांब दांडीचा आरसा, दुसऱ्यात बोटाएवढी विजेरी, आणि चेहरा असा की हा माणूस दुसऱ्याच्या कामात खोट काढायलाच जन्माला आलाय. नवे लोक त्याला घाबरत, जुने त्याची नक्कल करत. तो जवळ आला की दोघंही आपापल्या तारा पुन्हा एकदा चाचपून बघत.

विमानाच्या पोटातल्या तारा तपासणं हे त्याचं काम. या तारा म्हणजे पडद्यामागची मंडळी. प्रवाशाला खिडकी दिसते, आसन दिसतं, डोक्यावरचा दिवा दिसतो. पत्र्यामागून आणि पायाखालून मैलोगणती तारा धावताहेत, हे कोणाच्या गावीही नसतं. नसावंच. त्या दिसायची वेळ आली तर खुशाल समजावं, काहीतरी बिघडलंय.

हे वाक्य त्याचं नव्हे, ताईचं. ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले. तेव्हा हा नाक पुसायलाही न शिकलेला. तिनंच त्याला वाढवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "आधी याचं होऊ दे" म्हणून तो इतक्यांदा पुढं ढकलला, की शेवटी लोकांनी विचारणं सोडून दिलं. याच हँगरच्या तारा विभागात तिनं एकतीस वर्षं काढली. तिथं तिला मास्तरीण म्हणत. नवा माणूस आला की सहा महिने तिच्या हाताखाली. हाही तसाच तिच्या हाताखाली आला, चोवीस वर्षांचा असताना, दोन ठिकाणच्या नोकऱ्या सोडून.

ती शिकवायची ती अशी, जणू तारा म्हणजे तिच्या घरातल्या सुनाच. घरातली तार भिंतीत निवांत पडून असते, इथली जन्मभर थरथरते, म्हणून इथं एकच जाड तांबं चालत नाही. केसासारख्या एकोणीस बारीक तारा पिळून एक करायची. एक तुटली तर अठरा सांभाळून घेतात. त्यांना साध्या जागी कथलाचा मुलामा, ऊन जागी चांदीचा, इंजिनाच्या धगीपाशी निकेलचा. वरची आवरणंही तऱ्हेतऱ्हेची. पांढरं निसरडं आवरण मऊ स्वभावाचं. घट्ट बांधलं तर दोरा आत रुततो. आणि एक होतं मधाच्या रंगाचं, कागदासारखं पातळ, वजनाला हलकं, आगीला न भिणारं. ते नवीन आलं तेव्हा सगळा विभाग त्याच्यावर लट्टू होता.

"पण ही मानी आहे," ताई सांगायची. "हिला मुरडलेलं खपत नाही. वळवायची तर हळू, रुंद वळणानं. आत्ता तोंडावर काही बोलणार नाही, वीस वर्षांनी बोलेल."

तारांची जुडी मेण लावलेल्या चपट्या दोऱ्यानं हातानं बांधायची, चार चार बोटांवर एक गाठ. ताईच्या गाठी एका मापाच्या, एका तोंडाच्या, ओळीत बसलेल्या. तिनं बांधलेली एक नमुन्याची जुडी फळीवर ठोकून शिकवणीच्या खोलीत लावलेली होती, आणि खाली तिच्या शिक्क्याचा आकडा: एक्केचाळीस. काम पुरं झालं की बांधणारानं स्वतः बघायचं आणि जुडीच्या पट्टीवर आपला शिक्का मारायचा, असा नियम. शिकाऊ माणसाला शिक्का नसे. त्याचं काम शिकवणाऱ्याच्या शिक्क्यावर जाई.

आता ताई त्र्याहत्तरची. बोटांची पेरं वाकडी झालेली, कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागे. धाकट्याच्या घरी खिडकीशी तिची खुर्ची. घर धावपट्टीच्या टोकाशी, त्यामुळं दिवसभर डोक्यावरून विमानं. विमान उठलं की ताई बोलता बोलता थांबायची, आवाज विरेपर्यंत ओठ मिटून बसायची, मग अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायची. आणि धाकटा कामावरून आला, बूट काढायला वाकला, की एकच प्रश्न:

"धाकट्या, अकरा नंबर कसं आहे?"

"उडतंय, ताई."

"बरं."

अकरा नंबर म्हणजे ताईच्या हातच्या तारा ज्यात अजून शाबूत होत्या असं शेवटचं विमान. बाकीची मोडीत गेली होती, नाहीतर नव्यानं तारा घालून घेतलेली. ताईच्या निवृत्तीपासून बावीस वर्षं हा प्रश्न चुकला नव्हता. भिंगाची बायको म्हणायची, आमच्या घरात माणसं तीन आणि विमान एक, त्यातल्या विमानाचीच तेवढी चौकशी होते. मला ताप आला तेव्हासुद्धा आधी अकरा नंबर, मग माझं कपाळ. ताई हसायची. निवृत्तीच्या वेळी कंपनीनं तिला हवं त्या विमानातून एक फेरी देऊ केली होती. तिनं अकरा नंबर मागितलं, आणि जागा मागितली अगदी शेवटच्या रांगेतली, डाव्या बाजूची. साहेब म्हणाले, पुढं बसा, ऐसपैस. ती म्हणाली, नको, मला तिथंच बरं. केवढा जीव आहे बाईचा आपल्या कामावर, म्हणून साहेबांनी चारचौघांत डोळे पुसले होते.

त्या वर्षी अकरा नंबर मोठ्या तपासणीला आलं. पत्रा न् पत्रा उघडायचा, आणि मग ठरवायचं, या जुन्या तारांवर ते आणखी उडवायचं की सगळ्या काढून टाकायच्या. ठरवणार होता भिंग. घरी त्यानं अवाक्षर काढलं नाही. चार दिवस "उडतंय, ताई" म्हणत राहिला. हे साफ खोटं होतं. पण तारा चांगल्या निघतील आणि मग एकदमच सांगू, हा हिशेब.

चांगल्या निघतही होत्या. चौथ्या दिवसापर्यंत त्याच्या भिंगाला काही सापडलं नव्हतं. ओळीनं तिच्या गाठी, मेणावर धूळ बसलेली, पण एक हललेली नाही. जुने सोबती वाकून वाकून बघत होते. एकानं तर टोपी काढली.

पाचव्या दिवशी तो मागच्या मालखान्याच्या डाव्या भिंतीमागं शिरला. तिथं जुडी विमानाच्या सांगाड्यातल्या एका कण्याला वळसा घालून वर जाते. मधाच्या रंगाच्या तारा, इंधनाचा अंदाज सांगणाऱ्या. त्यानं आरसा आत सरकवला, विजेरी धरली, आणि त्याचा हात थांबला.

वळण रुंद नव्हतं. जुडी कण्यावर ताठ ओढून बसली होती, आखूड कपडा अंगात चढवावा तशी. कापताना कोणीतरी वळणाची जास्तीची लांबी धरायला विसरलं होतं. चारच बोटं कमी. बाहेरच्या अंगाला आवरणावर बारीक बारीक कड्यांसारखे तडे गेले होते. दोन तारांचं तांबं उघडं पडलं होतं, आणि त्या दोघींच्या मध्ये मोहरीएवढा काळा डाग. ठिणगी एकदा येऊन गेली होती. पुन्हा आली असती तर काय झालं असतं, हे या हँगरमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग त्यानं गाठी बघितल्या. त्या वळणावरच्या तीन गाठी उलट्या तोंडाच्या होत्या. अख्ख्या विमानात ताईच्या गाठी उजवीकडं झुकलेल्या. या तीन डावीकडं. तारा विभागात आजवर डावखुरा माणूस एकच होऊन गेला होता, आणि तो या क्षणी कोपरावर रेलून, भिंग डोळ्याला लावून, आपल्याच हाताचं काम बघत होता.

आणखीही एक होतं. त्या तीन डाव्या गाठींच्या मधोमध चौथी गाठ होती, उजवी, नेटकी. तिच्याखाली जुडी कण्याला घासू नये म्हणून पट्टीचा जाड थर गुंडाळलेला. म्हणजे त्याच्या मागून तिथं कोणीतरी आलं होतं, बघून गेलं होतं, आणि जुडी तशीच ठेवून गेलं होतं. खालच्या पट्टीवर शिक्का: एक्केचाळीस.

तो किती वेळ तसाच पडून राहिला कोण जाणे. बाहेरून कोणीतरी विचारलं, भिंगराव, झोप लागली का. तेव्हा तो सरपटत बाहेर आला.

साहेबांना त्यानं तडे दाखवले. गाठींबद्दल काही बोलला नाही. साहेब हळहळले. सगळ्या तारा काढायच्या, हे ठरलंच. पण अहवालात कारण आणि शिक्का लिहायचा असतो. साहेब भला माणूस. म्हणाले, मास्तरीणबाई आजारी असतात ना? कारण 'वयोमान' लिही. पस्तीस वर्षं झाली या तारांना, वयोमान खोटं थोडंच आहे. कोण विचारायला बसलंय?

खरंच कोणी विचारायला बसलं नव्हतं. कोरा कागद घडी करून खिशात घालून तो घरी आला.

बूट काढायला वाकला. प्रश्न आला.

"अकरा नंबर कसं आहे?"

"उघडलंय, ताई."

ताईचे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले. बायको आतून काहीतरी विचारत होती.

"कुठवर आलात?" ताईनं विचारलं.

"मागचा मालखाना. डावी भिंत."

ती खिडकीकडं वळली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "चार बोटं."

त्यानं तिला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

पुढचं ती थांबत थांबत बोलली, आणि तो जमिनीवर, एक बूट हातात धरून ऐकत राहिला. त्याच्या नावावर तेव्हा दोन लाल शेरे होते, तिसऱ्याला घरी. संध्याकाळी तिनं ते वळण बघितलं, तेव्हा दुरुस्त करायचं म्हणजे अख्खी जुडी उसवून नव्यानं करावी लागणार होती, सहा दिवसांचं काम, आणि ते लपून राहणारं नव्हतं. ही तुझी तिसरी नोकरी, धाकट्या. ही गेली असती तर तू पुन्हा कुठं उभा राहिला असतास असं मला वाटेना. तिनं पट्टी गुंडाळली, एक गाठ मारली, तपासणीच्या यंत्रावर जुडी पास झाली, आणि तिनं शिक्का मारला. उद्या सांगू म्हणाली. उद्या विमान चाचणीला गेलं. मग महिना गेला. मग तूच तपासनीस झालास, सगळ्यात कडक, आणि लोक म्हणायला लागले, बहिणीच्या वळणावर गेलाय. तेव्हा कुठल्या तोंडानं सांगणार होते?

"म्हणून रोज विचारायचीस," तो म्हणाला. "मला वाटायचं, कौतुकानं."

"कौतुक कसलं. डोक्यावरून विमान गेलं की मी मोजत बसायचे. आवाज दूर जाईपर्यंत."

"आणि ती शेवटची रांग?"

"त्या वळणाच्या बरोबर वर येते. म्हटलं, व्हायचंच असेल तर मी आत असताना होऊ दे." मग ती म्हणाली, "मूर्खपणाच. माझ्याबरोबर दीडशे माणसं होती. शेजारच्या बाईच्या मांडीवर तान्हं होतं. सबंध फेरीत मी त्याच्याकडं बघू शकले नाही."

त्यानं खिशातला कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. साहेब काय म्हणाले ते सांगितलं. गाठी माझ्या आहेत, ताई, म्हणाला. मी माझं नाव लिहितो, तुझा आकडा यात नको.

ताईनं वाकड्या बोटांनी कागद सरळ केला.

"शिकाऊ माणूस चुकणारच. तो चुकतो म्हणून तर शिक्का दुसऱ्याकडं असतो. मारणाऱ्यानं बघायचं असतं. मी बघितलं, आणि बघून मारला." तिनं कागद त्याच्याकडं सरकवला. "एक्केचाळीस लिही. माझ्या देखत लिही. नाहीतर तूही तेच करशील, जे मी केलं."

त्यानं लिहिलं. कारणाच्या रकान्यात वळणाची लांबी कमी धरल्याचं, कापणारा म्हणून स्वतःचं नाव, आणि शिक्क्याच्या रकान्यात आकडा. अक्षर उजवीकडं झुकायचं सोडून डावीकडं गेलं, डावखुऱ्यांचं जातं तसं. ताईनं वाचून बघितलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, हे तू मला करायला लावू नकोस. पण करावं लागलंच. चौकशी होईपर्यंत भिंगाचा शिक्का कपाटात गेला. नमुन्याची फळी उतरवावी लागली. त्यासाठी पाना घेऊन कोणी पुढं होईना. शेवटी भिंगानंच ती उतरवली. भिंतीवर चार भोकं राहिली, आणि मधला रंग बाजूच्यापेक्षा उजळ.

त्यानंतर अकरा नंबरमधल्या तारा काढायला सुरुवात झाली. जुन्या गाठी सोडवत नाहीत, कापतात. मेण दोऱ्यात मुरलेलं असतं. शिक्का नसला तरी कापायला तो बसू शकत होता. दिवसभर बसला. तिच्या शेकडो गाठी त्यानं एकेक करून कापल्या, आणि प्रत्येक तुकडा नियमाप्रमाणं पेटीत टाकला. विमानात काही राहता कामा नये, खिशातून काही जाता कामा नये. एका गाठीवर त्याचा हात जरा रेंगाळला, पण तीही पेटीत गेली.

संध्याकाळी तो घरी आला. बूट काढायला वाकला आणि सवयीनं थांबला.

प्रश्न आला नाही. एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी उगीच सोडून पुन्हा बांधली. ताई खिडकीशी बसली होती. बायकोला सांगत होती की डाळीच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही, त्याला आतून कापडाची पट्टी लाव. बावीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच वाटलं, विचार. काहीही विचार. फळीचं विचार, नोकरीचं विचार.

तेवढ्यात धावपट्टीवरून विमान उठलं आणि घरावरून गेलं. भांडी किणकिणली. तो ताईकडं बघत होता. ती थांबली नाही. डब्याचं, झाकणाचं, पट्टीचं, तिचे ओठ हलत राहिले. आवाज इतका मोठा होता की ती काय म्हणतेय ते कोणालाच ऐकू आलं नाही. बायकोनं विमान जाईपर्यंत वाट बघितली आणि मग विचारलं, "ताई, काय म्हणालात?"

"काही नाही गं," ताई म्हणाली. "झालं सांगून."