एका आडनावाचं सुतक

वडील गेले तेव्हा आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या गल्लीत नुकतेच राहायला आलो होतो. वडिलांनी दारावर आडनावाची पाटी लावली, तेव्हा ती वाचून शेजारचे काका आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. "अरे, आपन तं एकाच गावचे. भावकी निघाली!" वडील नुसते हसले. नंतर मला म्हणाले, "गाव एकच आहे, तेवढं खरं."

ते गाव वैनगंगेकाठचं, भंडाऱ्याकडचं. आजोबा कामाच्या शोधात इकडे आले तेव्हा त्यांना आडनाव नव्हतं. वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनावाच्या जागी जात लिहिली. बौद्ध झाल्यावर वडिलांनी ती काढून टाकली आणि गावाच्या नावाला 'कर' जोडला. त्या गावाने आजोबांना विहिरीवर कधी चढू दिलं नव्हतं. तरी वडील म्हणत, आपली माणसं त्याच मातीत पुरली आहेत, नाव आपलंही आहे.

वडिलांना स्मशानात नेलं तेव्हा काका परसवाड्याला होते, मुलाच्या होणाऱ्या सासुरवाडीला. परत आले ते सरळ आमच्याकडे. दाढी वाढलेली.

"पोरी, तुह्या बापाचं आइकून लय वाईट वाटलं," ते म्हणाले. "पन आमच्याकडं मांडव घालून राह्यले. भावकीचं सुतक लागलं तं लगन पुढं ढकला लागते. दाढीबी म्हूनच ठेवली. म्हून इचारतो. तुमी गावातले का गावाबाहेरचे?"

त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. ती ओळखायला मला थोडा वेळ लागला. हा प्रश्न आम्हाला दूर करण्यासाठीच विचारला जातो, हे लहानपणापासून माहीत होतं. पण आमची जात तीच निघावी म्हणून कोणी एवढं आसुसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गावाबाहेरचे," मी म्हटलं. "बौद्ध."

"हौ ना? पक्कं?"

"पक्कं."

"मंग काही सुतक नाही." त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं केलं सांगतलं, बाई." उठताना धोतर दोनदा झटकलं.

आई आतून ऐकत होती. "आपल्यात कुठं सुतक असते," ती म्हणाली. "मीच सांगनार होती त्याच्या बायकोले, आमच्यासाठी लगन थांबवू नका म्हून."

तासाभरात त्यांच्या अंगणात न्हावी आला. गालाला साबण लावून काका त्याला सांगत होते, "आडनावाचं आता काही खरं नाही बाप्पा. कोनीबी लावते."

"दाढी नीट करजो," काकू आतून म्हणाली, "नवरदेवाचा बाप हाय."

न्हावी हसला आणि त्याने वाटीतलं पाणी नालीत फेकलं. फेस आणि पांढरे केस वाहत आमच्या दारासमोर येऊन थांबले. मी बादलीभर पाणी ओतलं. तरी काही केस दगडाला चिकटून राहिले. ते मला खराट्याने काढावे लागले.